मुरादचे बावीस दरवाजे आणि शैलेंद्र गुप्ते

मेलबर्नमधल्या टार्निटच्या मराठी मंडळींत शैलेंद्र गुप्तेला ओळखत नाही असं घर मुद्दाम शोधावं लागलं असतं. निम्म्या घरांतल्या कुणाला ना कुणाला त्यानं गाडी शिकवली होती आणि उरलेल्या निम्म्यांना कुठल्या तरी पॉटलक जेवणात हसवून बेजार केलं होतं. डोंबिवलीचा हा मुलगा दोन हजार आठ साली हॉटेलचं शिकायला म्हणून मेलबर्नला आला. भांडी घासली, टॅक्सी चालवली, पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, मिळवली आणि शेवटी छतावर पिवळी पाटी लावलेल्या पांढऱ्या गाडीत लोकांना ड्रायव्हिंग शिकवायला लागला. शिकवायचा उत्तम. फक्त आवाज मोठा होता आणि जीभ त्याहून मोठी. ‘शैलेंद्रकडे शिकलास तर टेस्ट सोपी वाटते, कारण टेस्ट घेणारा निदान ओरडत नाही,’ असं लोक म्हणायचे आणि तोही ते कौतुकानं सगळ्यांना सांगायचा.

त्याच्याकडे नकलांचा साठा होता. शिकाऊ माणसं गाडीत कशी वागतात त्याच्या नकला. त्यातली सगळ्यात गाजलेली म्हणजे राउंडअबाउटची गोष्ट. त्याच्या मित्राची, हृषिकेशची बायको चित्रलेखा त्याच्याकडे शिकायला आली होती. तिसऱ्याच दिवशी तिनं शाळेजवळच्या राउंडअबाउटच्या ऐन मधोमध गाडी थांबवली. चारी बाजूंनी हॉर्न. एका युटमधला, म्हणजे छोट्या पिकअप ट्रकमधला, दाढीवाला खिडकीतून डोकं काढून विचारतोय, ‘यू ऑलराइट, लव्ह?’ आणि चित्रलेखा काय करते, तर शांतपणे पट्टा सोडते, पर्स उचलते, दार उघडते आणि ओढणी सावरत चालत घरी निघून जाते. गाडी तिथेच. एल पाटी वाऱ्यावर फडफडतेय. शैलेंद्र उठून उभा राहायचा, ती चाल करून दाखवायचा, आणि लोक जेवणाच्या प्लेटी खाली ठेवून हसायचे. हृषिकेशसुद्धा हसायचा, जरा उशिरा आणि जरा कमी. चित्रलेखा पुढे पुढे अशा जेवणांना यायची बंद झाली. ‘तिला शिफ्ट असते,’ हृषिकेश म्हणायचा. गाडी शिकणं तर तिनं त्या दिवशीच सोडलं होतं.

या गोष्टीला तीन वर्षं झाली, आणि एका ऑगस्टमध्ये शैलेंद्रच्या गाडीत तहमीना आपा येऊन बसल्या.

आपा मूळच्या मुलतानच्या. वय एकसष्ट. आयुष्यभर नवऱ्यानं गाडी चालवली होती. आता त्याच्या डोळ्यांनी दगा दिला होता आणि मुलगा कामानिमित्त क्रेगीबर्नला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहत होता. तेव्हा आपांनी ठरवलं की आपणच शिकायचं. दर बुधवारी सकाळी दहा वाजता.

पहिल्या दिवशी त्यांनी स्टिअरिंग असं धरलं, जणू चुलीवरून उतरवलेलं पातेलं. समोरून पोस्टमनची स्कूटर आली तरी थांबायच्या, बाजूच्या कुंपणावर मॅगपाय पक्षी बसला तरी थांबायच्या. तिसऱ्यांदा थांबल्यावर शैलेंद्रचा आवाज सवयीनं चढला. आपांनी गाडी हळूच कडेला घेतली, गिअर पार्कवर टाकला, आणि त्याच्याकडे वळून म्हणाल्या, “बेटा, मुझ पर मेरे अब्बा ने कभी आवाज़ नहीं उठाई। तुम भी मत उठाओ।”

एक्केचाळीस वर्षांच्या शैलेंद्रला गाडीत आजवर कुणी बेटा म्हटलं नव्हतं.

तिसऱ्या बुधवारी त्याच्या लक्षात एक गंमत आली. आपा गप्प असल्या की त्यांचे खांदे कानापर्यंत चढायचे आणि गाडी गचके खायची. बोलायला लागल्या की हात सैल, गाडी लोण्यासारखी. मग त्यानं त्यांना बोलतं ठेवायचं ठरवलं. आणि आपांना बोलायला सगळ्यात आवडायचा तो त्यांचा ड्रामा. दर मंगळवारी एक भाग यायचा आणि बुधवारी सकाळी तो टार्निटच्या रस्त्यांवरून शैलेंद्रला ऐकायला मिळायचा.

ड्राम्यात मुराद नावाचा एक गृहस्थ होता. कापडगिरणीत मोठा साहेब, दिसायला राजबिंडा, बोलायला गोड. घरात त्याच्या शब्दापुढे कुणी जायचं नाही. धाकट्या भावाची बायको सायरा, शिकलेली, एकदा चारचौघांत त्याची चूक दाखवून बसली आणि त्याच्या मनातून उतरली. पुढे आईच्या बांगड्या हरवल्या. हरवल्या मुरादच्याच हातून, पण कबूल करायचं तर मान खाली जाणार, म्हणून त्यानं सायराचं नाव घेतलं. तिला घर सोडावं लागलं.

“फिर?” शैलेंद्र विचारायचा.

“पहले ये गोल चक्कर तो निकालने दो,” आपा म्हणायच्या, उजवीकडे बघायच्या, गाडी सुरेख वळवायच्या आणि मग पुढचं सांगायच्या.

शैलेंद्रला हे आवडायला लागलं. इतकं, की दुपारी शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये डबा खाताना तो फोनवर मागचे भाग बघू लागला. त्याची बायको यामिनी वृद्धाश्रमात नर्स होती. तिनं एकदा त्याला स्वयंपाकघरात कांदा चिरायला घेऊन ड्रामा बघताना पकडलं. तेरा वर्षांची उर्वी म्हणाली, “बाबा, आर यू क्राइंग?” तो म्हणाला, “कांदा आहे.” उर्वीनं कांद्याकडे पाहिलं. तो अजून सोललेलाही नव्हता.

सप्टेंबर संपता संपता बारावा भाग आला. त्या बुधवारी आपा फारच रंगात होत्या. मुराद आता मोहल्ल्यातल्या घराघरांत जातो, त्या सांगत होत्या, आणि सायराची गोष्ट तिखटमीठ लावून सांगतो. ती बांगड्या कुठे लपवत होती, पकडल्यावर तोंड कसं झालं, घरातून निघताना बुरख्यात पाय अडकून कशी धडपडली. नक्कल करून दाखवतो. लोक चहा सांडेपर्यंत हसतात. आपांनी स्टिअरिंगवरचा एक हात उचलून मुरादची ती नक्कलही केली.

शैलेंद्रनं “हात खाली” म्हटलं नाही. “फिर?”सुद्धा विचारलं नाही.

“तबीयत ठीक है?” आपांनी विचारलं.

“हां हां. अगले सिग्नल से लेफ्ट.”

दुपारी त्यानं तो प्रसंग स्वतः पाहिला. नट चांगला होता. हसून हसून डोळ्यांतलं पाणी पुसायचा, पुन्हा सुरू करायचा. लोक आणखी हसले की आणखी एखादी गोष्ट आत घालायचा, जी घडलीच नव्हती. शैलेंद्रनं फोन डॅशबोर्डवर उलटा ठेवला. डब्यातली पोळी तशीच राहिली.

कारण राउंडअबाउटची गोष्ट त्यानं जशी सांगितली होती तशी ती नव्हती. त्या दिवशी गाडी थांबवली होती ती त्यानंच. शिकवणाऱ्याच्या पायाशी एक वेगळा ब्रेक असतो. गाडीत बसून फोनला हात लावायचा नाही हा नियम त्याला पाठ होता, तरी तो नव्या बुकिंगचा मेसेज वाचत होता. मान वर केली तर गाडी राउंडअबाउटमध्ये शिरलेली आणि उजवीकडे एक युट. युट लांब होती. चित्रलेखा बरोबर चालवत होती. पण तो दचकला आणि त्यानं ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. आणि हॉर्न वाजायला लागले तेव्हा त्याच्या तोंडून जे बाहेर पडलं ते असं: “ब्रेक का मारलात तुम्ही? अक्कल आहे का?” त्यानंतरही तो बराच वेळ ओरडत राहिला. ती रडायला लागली, आणि मग उतरून चालत गेली. ओढणी तिनं सावरली नव्हती. तिनं ओढणीनं डोळे पुसले होते.

एवढं सगळं त्याला स्वच्छ आठवत होतं. तीन वर्षं गोष्ट सांगताना मात्र त्यानं ते स्वतःला एकदाही आठवू दिलं नव्हतं.

दोन आठवडे त्यानं कुणालाच काही सांगितलं नाही. मग एका संध्याकाळी यामिनी कपड्यांच्या घड्या घालत होती, तेव्हा तिच्यासमोर बसून सगळं सांगून टाकलं. यामिनीचे हात थांबले नाहीत.

“मला शंका होतीच,” ती म्हणाली.

“कशी?”

“तुझ्या बाकीच्या सगळ्या गोष्टींत तू असतोस. ओरडतोस, कपाळाला हात लावतोस, घाम पुसतोस. त्या एका गोष्टीत तू कुठेच नसायचास.”

तिनं त्याच्या हातात मोज्यांचा ढीग दिला. जोड्या लावता लावता त्यानं विचारलं, “आता काय करू?”

“तुझा तो मुराद काय करतो?”

मुरादचं तोवर पितळ उघडं पडलं होतं. बांगड्या सापडल्या होत्या. पंधराव्या भागात त्यानं भर पावसात सायराच्या दारात गुडघे टेकले. कॅमेरा वर गेला, बासरी वाजली. शैलेंद्रला वाटलं होतं आपा दुसऱ्या दिवशी डोळे पुसत येतील. पण त्या पट्टा लावता लावता म्हणाल्या, “बारिश में तो कोई भी रो लेता है। चेहरा वैसे ही भीगा होता है।”

“लेकिन माफी तो मांगी ना उसने,” शैलेंद्र जरा चिडूनच म्हणाला.

“मांगी। सायरा ने दे भी दी। बोली, माफ़ किया, अब जाइए।” आपांनी आरसा नीट केला. “अब देखना ये है कि सोमवार को उठकर वो क्या करता है।”

सोमवारी उठून मुराद पहिल्या घरी गेला. ज्या बावीस घरांत त्यानं ती गोष्ट सांगितली होती, त्या बावीस घरांचे दरवाजे एकेक करून ठोठावायचे आणि सांगायचं की मी खोटं बोललो, बांगड्या माझ्याकडून हरवल्या. ना पाऊस, ना बासरी. एका घरी त्याला आत घेतलं नाही. एका घरी त्यांना काही आठवतच नव्हतं. तो तरीही सांगून आला. ड्रामा आता कंटाळवाणा झाला, असं बरेच लोक खाली कॉमेंटमध्ये लिहीत होते. शैलेंद्रनं एकही भाग चुकवला नाही.

ऑक्टोबरातल्या शेवटच्या मंगळवारी, दुपारी, दोन लेसनच्या मध्ये तो हृषिकेशच्या घरी गेला. जाताना गाडीत माफीचं छानसं भाषण त्यानं दोनदा म्हणून पाहिलं होतं. चित्रलेखानं दार उघडलं. तिच्या हाताला कणीक लागलेली होती.

“हृषिकेश ऑफिसात आहे,” ती म्हणाली.

“तुमच्याकडेच आलोय, वहिनी.”

ती दारातच उभी राहिली. भाषण त्याच्या डोक्यातून उडून गेलं. त्यानं उभ्या उभ्याच सांगितलं. फोन, युट, ब्रेक. “तुम्ही नव्हता दाबला. मी दाबला होता. आणि तुमच्यावर ढकललं. वर सगळीकडे सांगत सुटलो.”

चित्रलेखानं बोटांवरची कणीक खरवडली. मग तिनं विचारलं, “गाडी आणली आहे?”

“हो.”

“दाखवा.”

ती हात धुऊन आली आणि ड्राइव्हवेमध्ये उभ्या असलेल्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसली. तीन वर्षांनी. त्यानं आपल्या सीटवर बसून गाडी चालू केली. “पाय ब्रेकवर नुसता टेकवून ठेवा,” तो म्हणाला, आणि स्वतःचा ब्रेक दाबला. तिच्या पायाखालचं पेडल आपोआप खाली गेलं.

“पुन्हा,” ती म्हणाली.

त्यानं पुन्हा दाबलं.

“हेच,” ती पेडलकडे बघत म्हणाली. “हेच झालं होतं. पाय ठेवायला आणि पेडल खाली जायला एक गाठ पडली. मला वाटलं, पाय माझाच आहे, पण माझं ऐकत नाही. त्यानंतर मला जिना उतरतानाही भीती वाटायची. लॅबमधली नोकरी आली होती, सकाळी सहाची शिफ्ट. तेव्हा बस नसते. नाही म्हणून सांगितलं. हृषिकेश सोडतो म्हणत होता, पण रोज किती सोडणार.” ती थांबली. “मी तीन वर्षं स्वतःला बावळट समजत होते, शैलेंद्र.”

त्याला काही बोलावंसं वाटलं, पण त्यानं ते गिळलं. त्याच्या हिशेबी ती मोठी गोष्ट होती.

“मी शिकवू का पुन्हा? मनापासून सांगतो, आवाज...”

“नको,” ती म्हणाली. रागानं नव्हे, दुकानदाराला पिशवी नको म्हणावं तसं. “तुमच्याकडे नाही शिकायचं मला.” उतरताना तिनं दार हळू लावलं. “माझी कणीक वाळतेय. या तुम्ही.”

बासरी इथेही वाजली नाही.

दिवाळीचं जेवण नोव्हेंबरात कम्युनिटी सेंटरमध्ये होतं. साठेक माणसं. श्रीखंड संपायच्या आतच नचिकेत, शैलेंद्रचा सगळ्यात हौशी श्रोता, ओरडला, “गुप्ते, राउंडअबाउट होऊन जाऊ दे. नवीन लोक आहेत.”

शैलेंद्र उठला. हृषिकेश प्लेटमध्ये बघायला लागला. शैलेंद्रनं गोष्ट सुरू केली, हॉर्न वाजवले, युटवाला आणला. लोक हसायला लागले. मग त्यानं फोन वाचणारा माणूस आणला. मान वर करणारा, दचकणारा, ब्रेक दाबणारा. लोक आणखी हसले, त्यांना वाटलं नवीन भर आहे. “तो मी होतो,” शैलेंद्र म्हणाला. “चित्रलेखा बरोबर चालवत होती. ब्रेक मी मारला आणि तिला शिव्या दिल्या. आजवर जे सांगितलं ते खोटं होतं.” आणि तो बसला. हसू एका टेबलावर अर्धवट थांबलं, दुसऱ्या टेबलावर अजून चालूच होतं, कारण तिकडे नीट ऐकू गेलं नव्हतं. कुणीतरी चमचा पाडला. नचिकेत त्याच्या कानाशी येऊन म्हणाला, “काय रे, मूड घालवलास. जुनीच चांगली होती.”

जाताना हृषिकेशनं शैलेंद्रच्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा जास्तच दाबला. त्याचा अर्थ शैलेंद्रला आजही नक्की लागलेला नाही.

पण दिवाळीला सगळे नव्हते. शैलेंद्रनं घरी बसून आठवून आठवून यादी केली. सत्तावीस नावं झाली, मुरादपेक्षा पाच जास्त. रोज एक दोन फोन. अनेकांना गोष्ट आठवत होती, बाई कोण होती हे आठवत नव्हतं, आणि आता त्याच्या फोनमुळे कळत होतं. मग तो नाव न घेता सांगायला शिकला. एकजण म्हणाला, “एवढंच ना? नो वरीज, मेट,” आणि त्याच दमात विचारलं की मुलीला कधीपासून शिकवशील. आणखी एकानं सांगितलं, मी तर ती गोष्ट पार उत्तरेतल्या डार्विनला माझ्या मावसभावाला सांगितली, तो हॉस्पिटलात नोकरीला आहे, तो तिकडे सगळ्यांना सांगतो. मग शैलेंद्रनं डार्विनला फोन लावला. मावसभावाचं नाव मोहन. त्याला शैलेंद्रचा आवाज ऐकून फार आनंद झाला. “म्हणजे ते तुम्ही? अहो, इथे पावसाळ्यात करायला काही नसतं, तुमच्या गोष्टीवर आम्ही दोन सीझन काढले.” शैलेंद्रनं त्याला खरं सांगितलं. “अरेरे,” मोहन म्हणाला. “मग आता मी काय सांगू लोकांना?”

“हेच सांगा.”

“ही तितकी चालणार नाही.”

“नाहीच चालणार,” शैलेंद्र म्हणाला.

हे सगळं त्यानं बुधवारी आपांना सांगितलं. आपा एका दुकानासमोर मागे घेऊन गाडी लावत होत्या. गाडी दोन्ही पांढऱ्या रेघांच्या बरोबर मध्ये बसली. त्यांनी इंजिन बंद केलं.

“तीन साल लगे?” त्यांनी विचारलं.

“हां.”

“मुराद को पंद्रह क़िस्तें लगी थीं।” मग त्याचा चेहरा पाहून पर्समधून खजुराची डबी काढली. “खा लो। पार्किंग कैसी है?”

“एकदम बढ़िया, आपा.”

आपा पहिल्या टेस्टला नापास झाल्या, साठच्या रस्त्यावर चाळीसनं गेल्या म्हणून. दुसऱ्या वेळी पास झाल्या. पहिल्या रविवारी नवऱ्याला शेजारी बसवून रिंग रोडनं थेट क्रेगीबर्नला गेल्या, आणि पोचल्यावर शैलेंद्रला नातवंडांच्या गराड्यातला फोटो पाठवला. ड्रामा फेब्रुवारीत संपला. शेवटच्या भागात सायरानं मुलींची शाळा काढली. मुराद उद्घाटनाला मागच्या रांगेत बसला होता. कुणी त्याला पुढे बोलावलं नाही, आणि तो गेलाही नाही. शैलेंद्रला हा शेवट पटला, यामिनीला अजिबात पटला नाही, आणि त्यावरून घरात दोन दिवस वाद चालला.

चित्रलेखा शेजारच्या हॉपर्स क्रॉसिंगच्या निहारिका नावाच्या शिक्षिकेकडे गाडी शिकली. मार्चमध्ये तिला लायसन्स मिळालं. हे शैलेंद्रला हृषिकेशकडून कळलं, तेही उडत उडत. लॅबच्या नोकरीसाठी तिनं पुन्हा अर्ज केला, ती जागा गेली होती, पण दुसऱ्या एका ठिकाणी आठवड्यातून तीन दिवसांची मिळाली.

एप्रिलमध्ये शैलेंद्रच्या फोनवर तिचा मेसेज आला. सासूबाई नाशिकहून कायमच्या राहायला आल्या होत्या, वय चौसष्ट, आणि त्यांनी गाडी शिकायचा हट्ट धरला होता. निहारिकाकडे दोन महिने जागा नव्हती. ‘तुम्ही शिकवाल का?’ असं तिनं लिहिलं होतं. खाली दुसरी ओळ होती. ‘पण मी मागच्या सीटवर बसणार.’

शैलेंद्रनं ते तीनदा वाचलं. ‘जरूर बसा,’ असं उत्तर पाठवलं.

शनिवारी सकाळी तो गाडी घेऊन गेला. सासूबाई नऊवारी नेसून तयारच होत्या. पायात पांढरे स्पोर्ट शूज. चित्रलेखा मागे बसली, पुढच्या दोन सीटांच्या बरोबर मधून दोघांचे पाय दिसतील अशी. सासूबाईंनी सीट पुढे ओढली, पदर खोचला, आरशात स्वतःकडे एकदा बघून घेतलं आणि शैलेंद्रला म्हणाल्या, “हे लोकही डावीकडूनच चालवतात ना, आपल्यासारखं? मग यात एवढं अवघड काय आहे?”

“काही नाही, काकू,” शैलेंद्र म्हणाला. “सावकाश ब्रेक सोडा.”

गाडी गचका खाऊन निघाली आणि पुढच्या घराच्या कचऱ्याच्या बिनपाशी थांबली. ओरडायला उघडलेलं तोंड शैलेंद्रनं मिटलं. मागून चित्रलेखाचा आवाज आला, “छान, आई. परत.”